रत्नागिरीत राहून आल्प्समधली जोडीची शर्यत जमेल का? बायको माझ्यापेक्षा बरीच वेगात पळते

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. समुद्रकाठी राहून आल्प्सच्या चढांची तयारी होते का, ही एक. आणि सपाटीवर बायको तुम्हाला सहज मागे टाकते, तर तुमची जोडी टिकेल का, ही दुसरी. तयारी बऱ्यापैकी होते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जास्त वेळ द्या, कारण या शर्यतीतून बाहेर पडणाऱ्या जोड्यांमध्ये मी पायांइतकीच तोंडं बिघडलेली पाहिली. मी चिपळूणची. ही शर्यत माझ्या नणंदेबरोबर पळले. वेगवान ती, मागे राहणारी मी, म्हणजे तुमच्याच बाकावरची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या शर्यतीचं नाव ट्रान्सअल्पाइन रन, ती २००५ मध्ये सुरू झाली. दोघांचा संघ, सात-आठ दिवस, रोज एक टप्पा. मार्ग बदलत असतो, पण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणि सगळा मिळून चढ पंधरा हजार मीटरच्या आगेमागे. आकड्यांपेक्षा नियम महत्त्वाचा: दोघांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये. एकाने शर्यत सोडली की जोडीचा निकाल संपला.

आता तुमची योजना. तुम्ही लिहिलंय की बायको चढावर पुढे जाईल आणि वर थांबेल. हे करू नका. त्यात काय होतं बघा. ती वर पोचते, पाणी पिते, दम खाते आणि वाऱ्यात उभी राहून गारठते. तुम्ही धापा टाकत पोचता, तोवर तिला निघायची घाई झालेली असते. म्हणजे जिला विश्रांती नको होती तिला ती मिळाली आणि ज्याला हवी होती तो तसाच पुढच्या चढाला लागला. दिवसभर हेच चाललं तर संध्याकाळी तुमच्यातलं अंतर वाढलेलं असेल आणि बोलणं बंद झालेलं असेल.

त्यापेक्षा चढावर तुम्ही पुढे. मागून येणाऱ्याला आपला वेग आवरावा लागतो, पण पुढच्याला मागे वळून बघावं लागत नाही, आणि माफी मागत पळावं लागत नाही. उतारावर ज्याचं पाऊल पक्कं तो पुढे, म्हणजे कुठे पाय टाकायचा ते मागच्याला दिसतं. मात्र हाक ऐकू येईल एवढ्यातच राहायचं. बायकोकडे जास्त दम आहे ना, मग कॅम्पावर पोचल्यावर जेवणाच्या रांगेत आधी ती उभी राहील, तुम्ही पाय वर करून पडा. आवश्यक सामान ज्याचं त्याने वाहायचं असतं, त्यामुळे सगळं ओझं तिच्या पाठीवर टाकायचा विचार असेल तर आधी नियम वाचा.

आणि एक गृहीत सोडून द्या: हळू पळणारे कायम तुम्हीच असाल असं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणाचं पोट बिघडेल, कुणाची टाच फुटेल, सांगता येत नाही. माझ्या नणंदेला एका टप्प्यावर काही खाणंच उतरेना, त्या दिवशी वेग माझा होता. म्हणून ‘तू हळू, मी फास्ट’ ही भाषा घरीच ठेवून जा. आमचं ठरलं होतं की दर अर्ध्या तासाने एकमेकींना फक्त आकडा सांगायचा, दहापैकी किती त्रास होतोय तो. सातच्या वर गेला की वेग कमी, चर्चा नाही. नवरा-बायकोंनी तर चढावर घराचे हप्ते आणि मुलांची शाळा हे विषय पूर्ण बंद ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तयारीकडे येऊ. अनेक दिवसांच्या शर्यतीत मांड्या चढाने जात नाहीत, उताराने जातात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याचे धागे सूक्ष्म फाटतात आणि दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं. नेमका तेव्हा तुमचा पुढचा टप्पा असतो. यावर उपाय एकच, आधीपासून भरपूर उतार उतरणं. एकदा चांगला उतार सोसलेला स्नायू पुढे काही आठवडे तसाच उतार कमी कुरकुरत सोसतो. आणि उतार आपल्याकडे काय कमी आहे? तुमच्या वाडीतल्या जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, रोज सकाळी वर-खाली करा. रविवारी साखरप्याकडून आंबा घाट चढून परत खाली उतरा. रस्ता डांबरी आहे आणि गाड्यांची वर्दळ असते, म्हणून उजाडताच निघा. पायाला दगडाची सवय हवी तर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर जा. जांभा इतका खडबडीत असतो की घोटा आपोआप शहाणा होतो.

खरी परीक्षा शनिवार-रविवार सलग. थकलेल्या पायांनी, अपुऱ्या झोपेनंतर, दोघांनी मिळून. आम्ही त्यासाठी खेड तालुक्यातले रसाळगड, सुमारगड, महिपतगड वापरायचो. ट्रेकिंगवाले ती रांग दोन-तीन दिवसांत करतात. सुमारगडाचा कातळटप्पा पळायची जागा नाही, तिथे हात वापरूनच जा, आणि पहिल्या खेपेला गावातला वाटाड्या घ्या. पुण्याजवळची सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतही पळून बघायला चांगली, पण ती एकट्याची आणि एका दिवसाची. जोडी म्हणून तुमचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, ते तिथे कळणार नाही.

पावसाळ्यात पाखाड्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा उताराचा सराव थांबवून फक्त चढा, उतरताना गाडीने या. पायाला जखम असेल तर शेतातल्या चिखलपाण्यातून पळू नका, लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती कोकणात खरी आहे. सुकलेल्या गवताचा उतार जानेवारीनंतर पावसाळ्याइतकाच घसरडा होतो, हे घाटावरच्या पाहुण्यांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

उंचीचं मात्र इथे काही होणार नाही. महाराष्ट्रात सर्वात उंच कळसूबाई, ते १६४६ मीटर. शर्यतीतल्या काही खिंडी अडीच हजारांच्या वर जातात आणि तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. महाबळेश्वरला चार दिवस राहून त्याची सवय होत नाही, पैसे वाचवा. त्यापेक्षा शर्यतीच्या आठवडाभर आधी जाऊन डोंगरातल्या गावात मुक्काम करा. आपल्या दमट उन्हात केलेला सराव थोडाफार उपयोगी पडतो, कारण उष्णतेत काही दिवस पळल्यावर रक्तातला द्रव वाढतो. उंचीची ती भरपाई नव्हे, तरी हाताशी आहे ते घ्यावं.

थंडीला कमी लेखू नका. सूर्य ढगाआड गेला की खिंडीत काही मिनिटांत हात बधिर होतात. रत्नागिरीत हातमोजे विकत घेताना दुकानदार हसला तरी घ्या, आणि ते घालून बॅगेची चेन, जेलचं (पळताना खायच्या साखरेच्या घट्ट पाकाचं) पाकीट उघडायचा सराव करा. हे मी गमतीने सांगत नाही.

खाण्याचं: आमच्या खिशात जेलपेक्षा आंबापोळीच जास्त असायची. साखर भरपूर, चिकट होत नाही, आणि सहाव्या दिवशीही तोंडाला नकोशी होत नाही. गूळ-शेंगदाणे उंचीवर चावता चावता दम लागतो, ते संध्याकाळसाठी ठेवा. आमसुलाची पूड, मीठ आणि साखर घरूनच मिसळून न्या. घाम जास्त येणाऱ्याने नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी तिथून सुरू होते. खवा, पेढे मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत.

नाव नोंदवण्याआधी एक करा. येत्या थंडीत दोघं मिळून सलग तीन दिवस डोंगर करा, तिसऱ्या दिवशीचा उतार सर्वात मोठा ठेवा. तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत असाल तर पैसे भरा. युरोपातल्या या देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात मुंबईत तारखा पटकन भरतात, तेव्हा ते काम शेवटावर ठेवू नका.