पायवाटेतली 'वाट' कुठली?

प्रश्न : आमच्याकडे शेतातून शाळेकडे जाते तिला सगळे पायवाटच म्हणतात. पण कोशात बघितलं तर संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, आवार असं निघालं. मग आपली वाट त्यातूनच आली का? आणि पायवाट नि पाऊलवाट यात फरक काय?

उत्तर : नाही हो, ती वाट वेगळी नि आपली वेगळी, फक्त दिसायला सारख्या. कुंपणवाल्या 'वाट'पासून आपल्याकडे वाडा नि वाडी आले. चालायची वाट आली 'वर्त्मन्'वरून, त्याचं प्राकृतात झालं वट्टा आणि मराठीत वाट, म्हणजे कर्म-कम्म-काम झालं ना, तोच प्रकार. शब्द चांगलाच जुना आहे, 1290च्या ज्ञानेश्वरीत शेवटी 'भाष्यकारातें वाट पुसतु' असं माउली म्हणतातच. पाय म्हणजे पाद, पाऊलही त्याच घराण्यातलं, तेव्हा अर्थामध्ये फरक नाही, पाऊलवाट कवींना जरा जास्त आवडते एवढंच. सरकारी गावनकाशात मात्र ती 'पायमार्ग' होते, तुटक एकेरी रेघ, आणि गाडीमार्ग असेल तर तुटक दुहेरी. बांधावरून भांडण लागलं की आधी ही रेघ शोधतात आणि मग वहिवाट कोणाची यावर तहसीलदारापुढे तारखा पडत राहतात, त्या वहिवाटीतही वाट आहेच बघा.

माझ्या मते खरी गंमत क्रियापदात आहे. रस्ता बांधतात, वाट पडते. पायाखाली येऊन येऊन ती मळते, जाणं-येणं थांबलं की मोडते. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर विचारलं तर गावातला माणूस सरळ सांगतो, 'वाट मोडलीय, कारवी माजलीय.' आणि तिथेच शेजारी एक मस्त मळलेली वाट दिसते, ट्रेकवाले खूश होऊन घुसतात, ती निघते ढोरवाट, करवंदीच्या जाळीपाशी जाऊन चार दिशांना फुटते, कारण गुरांना चरायचं असतं, गडावर थोडीच जायचंय!

बाकी 'वाट लागली'मधली वाटही हीच. वाट लावणे म्हणजे मुळात मार्गी लावणे, निकालात काढणे, विल्हेवाटीत तो अर्थ अजून शाबूत आहे, बोलण्यात मात्र सत्यानाश तेवढा उरला.

आणि शहरातल्या फुटपाथला पायवाट म्हणू नका. पालिका त्याला पदपथ म्हणते, पण गाड्या नि स्टॉल चुकवत चालणारा कोणी तो शब्द वापरताना मी तरी ऐकला नाही.