इंग्लंडमध्ये विकण्यासाठी दोन घरं बांधायची आहेत. १० टक्के जैवविविधता वाढवायची म्हणजे झाडं लावली की झालं का?

नाही, नुसती झाडं लावून भागत नाही. हा नियम २०२१ च्या पर्यावरण कायद्यातून आला आणि छोट्या प्रकल्पांना २ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. जागेवर आज काय उगवतंय, ते किती चांगल्या स्थितीत आहे, हे सरकारी सूत्रात घालून युनिट, म्हणजे जैवविविधता मोजायची एककं, काढतात. बांधकामानंतरचा हिशेब त्याहून किमान १० टक्के जास्त भरला पाहिजे.

लोक फसतात ते कुंपणाच्या झुडपांत. जुन्या झुडपी कुंपणाचा हिशेब वेगळा होतो. ते तोडून बदल्यात गवताळ जागा दाखवता येत नाही. पक्ष्यांची घरटी-पेट्या जरूर लावा, पण त्यांचं युनिट मिळत नाही.

आणि कृपा करून अर्जाआधी जागा साफ करू नका! ३० जानेवारी २०२० पासून परवानगीशिवाय मुद्दाम केलेली तोड धरली जात नाही, आधीचंच मूल्य मोजतात. शिवाय तिथले हेजहॉग (काटेरी अंगाचे छोटे प्राणी) नि पाखरं हकनाक बेघर होतात.

जागेवर जमलं नाही तर बाहेरची, म्हणजे दुसऱ्या जमिनीवर केलेल्या वाढीची, युनिट विकत घ्या. सरकारकडून विकत घ्यायची क्रेडिट हा शेवटचा आणि मुद्दाम महाग ठेवलेला मार्ग. बाहेरचा अधिवास ३० वर्षं सांभाळण्याची कायदेशीर हमी लागते. परवानगी मिळाली तरी जैवविविधता आराखडा (१० टक्के वाढ कशी साधणार ते दाखवणारा) मंजूर होईपर्यंत काम सुरू करता येत नाही. म्हणून पर्यावरणतज्ज्ञाला नकाशा काढण्याआधीच जागेवर न्या.