नॉर्वेतली ब्यार्कॉय नगरपालिका आता नकाशावर का दिसत नाही?

कारण ती बरखास्त झाली. १ जानेवारी २०१३ रोजी ब्यार्कॉय शेजारच्या हारस्टाड नगरपालिकेत विलीन झाली. बेटं अर्थातच जागेवर आहेत: ब्यार्कॉय, सान्सॉय आणि ग्रीटॉयचा भाग. सगळी ट्रोम्स प्रांतात, आर्क्टिक वृत्ताच्या बरीच वर.

लोकसंख्या पाचशेच्याही आत. म्हणजे आपल्याकडची एखादी वाडी. पण तिथे शाळा, वृद्धांची देखभाल, सगळं नगरपालिकेच्याच गळ्यात. एवढ्या माणसांत ते झेपणं कठीणच. शिवाय लोकांना हवा होता पक्का रस्ता, कारण बेटाबेटांत जायचं तर फेरीबोटीच्या वेळा सांभाळा. विलीनीकरणाच्या वाटाघाटीत हाच कळीचा मुद्दा होता. तो रस्ता २०१८च्या अखेरीस झाला: ग्रीटॉय ते ब्यार्कॉय समुद्राखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदा, आणि सान्सॉयला पूल. गंमत म्हणजे हारस्टाडहून ग्रीटॉय गाठायला फेरीबोट लागतेच!

नाव मात्र जुनं आणि वजनदार. थोरे हुंड हा व्हायकिंग सरदार इथलाच. १०३०मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत नॉर्वेचा राजा ओलाव पडला, तेव्हा हा विरुद्ध बाजूला होता. सागाकथा, म्हणजे तिकडच्या जुन्या वीरकथा, सांगतात, थोरेच्या अंगात सामी लोकांनी (उत्तरेकडचे मूळ रहिवासी) मंतरलेला रेनडिअरच्या कातड्याचा अंगरखा होता. राजाने तलवार घातली, पण कातडं कापलंच गेलं नाही, नुसती धूळ उडाली. मग थोरेने भाला खुपसला. पुढे तोच राजा संत ठरला, हे थोरेचं दुर्दैव म्हणायचं.