मेजर रिव्हिजन आली म्हणजे पेपर गेला का?

प्रश्न: ताई, मी रावेर तालुक्यातला, केळीवरच्या करपा रोगावर पीएचडी करतोय. एका जर्नलला पेपर पाठवला, साडेचार महिन्यांनी मेल आला, मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा. दोन रिव्ह्यूअरच्या मिळून 19 कमेंट्स, त्यात एक विचारतो की एकाच हंगामाचा डेटा का. मित्र म्हणतो सोड ते, पैसे भर, आठवड्यात छापून मिळतो. काय करू?

उत्तर: भाऊ, पेपर गेला नाहीये, उलट चांगली खबर आहे. पेपर आला की आधी एडिटर बघतो, विषय बसत नसेल तर तिथूनच परत, ते तू पार केलंस. मग तो त्या विषयातली माणसं, म्हणजे रिव्ह्यूअर, शोधतो, त्यातले बरेच नाही म्हणतात कारण याचे पैसे सहसा मिळतच नाहीत, जे हो म्हणतात ते आपली लेक्चर, उत्तरपत्रिका तपासणी सांभाळून वाचतात, म्हणून एवढे महिने लागले. ते फक्त शिफारस करतात, निर्णय एडिटरचा, आणि पेपर अगदीच टाकाऊ वाटला असता तर त्याने सरळ नकार कळवला असता.

माझ्या पहिल्या पेपरमध्ये कपाशीचा तक्ता होता, एका रकान्यात एकरी क्विंटल आणि शेजारच्यात हेक्टरी. मी कितीदा वाचलं, गाइडने वाचलं, कुणाला दिसलं नाही, पकडलं त्या अनोळखी रिव्ह्यूअरने. तेव्हापासून मला या लोकांबद्दल फार आदर आहे. 1936 मध्ये आइनस्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर फिजिकल रिव्ह्यू या जर्नलच्या एडिटरने बाहेरच्या तज्ज्ञाला वाचायला दिला, आइनस्टाइन इतके चिडले की पेपर मागेच घेतला, पण तज्ज्ञाने दाखवलेली चूक खरंच होती आणि नंतर दुसरीकडे छापला तो सुधारूनच.

आता तुझी हंगामाची कमेंट. करपा पावसावर आणि हवेतल्या ओलाव्यावर वाढतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, मग एका पावसाळ्यावरून ठाम निष्कर्ष कसा काढणार? दुसऱ्या वर्षाचा डेटा असेल तर टाक, नसेल तर तसं स्पष्ट लिही आणि निष्कर्षाची भाषा मवाळ कर. बाकी कमेंट्स एकेक करून कॉपी कर, खाली उत्तर, कुठल्या पानावर कुठल्या ओळीत बदल केला ते. रिव्ह्यूअर चुकतोय असं वाटलं तर कारण देऊन नम्रपणे सांग, चालतं ते, फक्त एकही कमेंट गाळू नकोस.

आणि आठवड्यात छापणारे? एवढ्या दिवसात तज्ज्ञ मिळून, वाचून, तू दुरुस्त करून होतंच नाही, म्हणजे बहुतेक वाचतच नाहीत. यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपल्यावर जास्त आली. अशा पैसे घेऊन छापणाऱ्या ठिकाणी एकदा छापलं की तोच डेटा चांगल्या जर्नलला नवा म्हणून देता येत नाही, तुझी उन्हातान्हातली मेहनत तिथेच अडकते.

सुधारून पाठवायची तारीख मेलमध्ये असेल, आधी ती बघ, कमी पडत असेल तर एडिटरला आजच मुदतवाढ माग, बहुतेक देतात.