बॅटरी घरी बदलता येईल, पण आधी तो टचपॅड बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की मुलीचा एचपीचा 15 सिरीजचा लॅपटॉप आहे, 2019 मध्ये घेतलेला, चार्जर काढला की वीस-पंचवीस मिनिटांत बंद होतो, कधीकधी 35 टक्के दाखवत असतानाच स्क्रीन काळी होते, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलेला आकडा जास्त वाटतोय, तर बॅटरी घरच्या घरी बदलता येईल का. येईल. पण तुम्ही शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय, "हल्ली टचपॅडचा डावा कोपरा दाबलाच जात नाही, तोही बदलावा लागेल का," तर माझ्या मते अख्ख्या प्रश्नात तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी पुढच्या बाजूला असते, आपण टाइप करताना मनगटं टेकवतो त्या भागाच्या खाली. टचपॅड अचानक कडक झाला, किंवा एका बाजूने वर आल्यासारखा वाटायला लागला, तर बऱ्याचदा टचपॅड चांगला असतो, खालून बॅटरी फुगून त्याला वर ढकलत असते. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बारा वर्षं काम करतोय आणि हे इतक्या वेळा बघितलंय की टचपॅडची तक्रार आली की मी आधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवतो, एका कोपऱ्यावर बोट ठेवून डुगडुगतो का बघतो, मग डोळे टेबलाच्या पातळीला आणून खालच्या कव्हरची कड बाजूने बघतो. कड सरळ रेषेत नसेल, मध्ये पोट आल्यासारखं दिसत असेल किंवा दोन प्लास्टिकच्या मध्ये फट पडलेली असेल तर बॅटरी फुगलीय असंच धरून चाला. तुम्ही हे आजच करून बघा, एक मिनिट लागतं.

आणि फुगलेली असेल तर आजपासून चार्जिंग बंद. "फक्त असाइनमेंट सबमिट करेपर्यंत" असंही नको. या बॅटऱ्यांमध्ये चपटे सेल असतात, चंदेरी पाकिटासारखे, आतलं रसायन जुनं होऊन विघटित व्हायला लागलं की गॅस तयार होतो आणि पाकीट फुगतं. फुगली म्हणजे लगेच पेटणार असं नाही, बहुतेक वेळा पेटत नाही, पण ती दाबली गेली, टोचली गेली किंवा चार्ज होत राहिली तर आतले थर एकमेकांना टेकून शॉर्ट होऊ शकतात, आणि ही आग एका सेलमधून दुसऱ्यात पसरते, धूरही विषारी असतो. मुलगी लॅपटॉप गादीवर ठेवून काम करते असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे जरा जास्तच सांगतोय.

आता 35 टक्क्यांवर बंद का पडतो ते. आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर नळात क्षार साचून पाइप बारीक होतो बघा, टाकी अर्धी भरलेली असते पण नळाला धार येत नाही. जुन्या बॅटरीचं तसंच आहे. आत थोडी वीज शिल्लक असते पण अंतर्गत रोध, म्हणजे वीज बाहेर येताना होणारा अडथळा, वाढलेला असतो, मग लॅपटॉपने एकदम जोर मागितला, म्हणजे व्हिडिओ कॉल सुरू केला किंवा दहा टॅब उघडले, की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि मशीन स्वतःला बंद करून घेतं. शिवाय टक्के मोजणारी चिप अंदाजच लावत असते, तिचा अंदाजही इतक्या वर्षांत चुकायला लागलेला असतो.

फुगलेली नसेल तर नुसत्या अंदाजावर पैसे घालवू नका, आधी रिपोर्ट काढा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग तिरपी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करून एंटर दाबा, फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच दिसतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होती आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावते. तुमच्या मॉडेलला पहिला आकडा 41 हजार मिलिवॉट-अवरच्या आसपास दिसायला हवा, दुसरा 12-13 हजार असेल तर बॅटरी तीस टक्क्यांवर आलीय, संपलीच. दुसरा आकडा पहिल्याच्या ऐंशी टक्के वगैरे असेल आणि तरीही लॅपटॉप बंद पडत असेल तर मात्र दोष दुसरीकडे असू शकतो, तेव्हा लगेच बॅटरी घेऊ नका.

आता बॅटरी कोणती घ्यायची, कारण खरी फसगत इथे होते. लॅपटॉप उघडायला लोक घाबरतात पण ते काम अर्ध्या तासाचं आहे, घाबरायचं तर स्वस्त बॅटरीला घाबरा. मी सुरुवातीला एका दुकानातून अर्ध्या किमतीत बॅटरी आणली होती, बायकोच्या लॅपटॉपसाठी, लेबल अगदी कंपनीसारखं, वर कपॅसिटी मूळ बॅटरीपेक्षा दीडपट लिहिलेली, मला वाटलं वा, जास्त चालेल. चार महिन्यांत फुगली. तिचाही टचपॅड असाच कडक झाला होता आणि त्या दिवशी मुलगा तोच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. नंतर मी जुनी मूळ बॅटरी आणि ही नवी, दोन्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या तर नवी जवळजवळ चाळीस ग्रॅमने हलकी. त्याच आकाराच्या डब्यात दीडपट वीज आणि वर वजन कमी, हे होऊच शकत नाही. तेव्हापासून प्रत्येक नवी बॅटरी बसवायच्या आधी मी जुनीशी वजन ताडून बघतो.

तुमच्या जुन्या बॅटरीच्या लेबलवर बहुतेक एचटी03एक्सएल असा नंबर असेल, पण लॅपटॉपच्या मॉडेलवरून ऑर्डर करू नका, उघडून लेबलचा फोटो काढा आणि तोच नंबर शोधा, कारण एकाच सिरीजमध्ये वेगवेगळ्या बॅटऱ्या निघतात. व्होल्टेज जुळायला हवं. 11.4 आणि 11.55 हा फरक चालतो, दोन्ही तीन सेलच्याच आहेत, पण 14.8 किंवा 7.6 लिहिलेली असेल तर ती तुमची नाहीच. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा, थोडा इकडेतिकडे चालतो. लेबलवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस 16046 आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते कळतं. नाव जुळलं नाही किंवा नंबर सापडलाच नाही तर परत करा. पहिली पसंती एचपीची ओरिजिनल, सर्व्हिस सेंटरला विचारा की नुसती बॅटरी द्याल का, बसवायचे पैसे वाचतात. ती नाहीच मिळाली तर वॉरंटी आणि पक्कं बिल देणाऱ्या ओळखीच्या कंपनीची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर जुन्या बॅटरीचा फोटो दाखवा, नवी हातात घेऊन बघा आणि बिलावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या, "बिल कशाला, आम्ही इथेच बसलोय" म्हणाले तर पुढचं दुकान बघा. भाच्याला अमेरिकेहून आणायला सांगू का असंही विचारलंय तुम्ही. चालेल, शंभर वॉट-अवरच्या आतली आहे, फक्त सुटी बॅटरी केबिन बॅगेतच आणायची, चेक-इन सामानात टाकायची नाही. पण खराब निघाली तर परत कोण करणार, म्हणून मी इथलीच घेईन.

उघडायच्या आधी मुलीच्या सगळ्या फाइल्सचा बॅकअप घ्या आणि विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स कुलूपबंद ठेवायची सोय, चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बॅटरी काढल्यावर काही मशीनमध्ये घड्याळ किंवा बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंग पुसली जातात आणि मग चालू होताना तो 48 आकडी की मागत बसतो, ऐन परीक्षेत हे नको. एचपीच्या सपोर्ट साइटवर तुमच्या मॉडेलची मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड नावाची पीडीएफ फुकट मिळते, ती फोनवर उघडून समोर ठेवा, कुठे किती लांबीचा स्क्रू आहे ते सगळं चित्रासकट आहे त्यात.

चार्जर न लावता बॅटरी होईल तेवढी उतरू द्या, मग शटडाउन. स्लीप नाही, पूर्ण बंद. काम फरशीवर किंवा लाकडी टेबलावर करा, पलंगावर नको, खिडकी उघडी, लहान मुलं लांब. फुगल्याची शंका असेल तर डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली किंवा कोरडी माती भरलेली कुंडी ठेवा. हवा पीएच झिरो मापाचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, मोठा वापरला तर स्क्रूची डोकी झिजतात आणि मग खरंच दुकानात जावं लागतं.

मागचे रबरी पाय किंवा पट्ट्या हळूच सोलायच्या, त्याखाली स्क्रू असतात, बरेच जण इथेच फसतात, सगळे स्क्रू काढले असं समजून ओढत बसतात आणि कव्हर तडकतं. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो आधी बाहेर काढायचा, बऱ्याचदा त्याच्या खाचेतही छोटे स्क्रू लपलेले असतात. निघालेले स्क्रू मी मिसळणाच्या डब्याच्या वाट्यांमध्ये ठेवतो, मागच्या रांगेचे एका वाटीत, मधले दुसऱ्या, ड्राइव्हचे तिसऱ्या, कारण लांब स्क्रू आखूड जागी फिरवला तर तो वरच्या बाजूला टोचतो. मग जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवायचं, कट कट आवाज येतो, ते क्लिप सुटण्याचे आवाज आहेत, घाबरू नका. सुरी, उलथणं, धातूचं काहीही बॅटरीच्या जवळ आणायचं नाही.

कव्हर निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, बाकी कशालाही हात लावायच्या आधी. वायरला धरून ओढू नका, कनेक्टरच्या प्लास्टिकला दोन्ही बाजूंनी नखं लावून थोडं थोडं मागे सरकवा. मग पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाते. बॅटरीचे स्क्रू काढा, बॅटरी सपाट उचला, वाकवू नका. फुगलेली असेल आणि अडकून बसली असेल तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं आणि जाणकार माणसाकडे न्यायचं. कधीही गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला किंवा फुसफुस आवाज आला तर सगळं टाकून बाहेर पडा आणि 101 ला फोन करा.

नवी बसवणं याच्या उलट क्रमाने, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. फक्त कनेक्टर पूर्ण आत गेला का ते बघा आणि सगळे स्क्रू लावायच्या आधी एकदा चालू करून घ्या. लगेच नवा बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन कपॅसिटी लेबलशी जुळते का, फुल चार्ज तिच्या जवळपास आहे का, सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून भरली गेली तो आकडा, दिसत असेल तर तो शून्याच्या आसपास आहे का. नव्या म्हणून विकलेल्या बॅटरीत 150 सायकल दिसले तर ती वापरलेली आहे, त्याच दिवशी परत करा. पहिल्यांदा शंभर टक्के चार्ज करा, मग दहा टक्क्यांपर्यंत वापरा, परत पूर्ण भरा, एवढ्याने चिपचा हिशोब बसतो. आठ तास चार्जिंगला लावायची जुनी पद्धत होती ती आता विसरा.

नवी बॅटरी टिकवायची तर दोनच शत्रू, उष्णता आणि सतत शंभर टक्के. मे महिन्यात पंख्याखाली गादीवर, वर चार्जर चोवीस तास लावलेला, यात कोणतीही बॅटरी लवकर जाते. बायोसमध्ये किंवा कंपनीच्या अॅपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर मुलीला खाली लाकडी पाट ठेवायला सांगा आणि भरली की चार्जर काढायची सवय लावा.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका हो. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि तिथे काम करणाऱ्यांच्या अंगावर आग येते. कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, वाळू घातलेल्या कुंडीत ठेवा, वर झाकण घट्ट लावू नका, कुंडी गॅलरीत सावलीला. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून नवी घेतानाच जुनी परत घ्याल का विचारा, नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर मान्यताप्राप्त ई-कचरावाल्यांची यादी आहे त्यातला जवळचा बघा.

नवी येईपर्यंत मुलीचं अडणार असेल तर फुगलेली काढून, कव्हर परत लावून लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतो, सुरू होताना बॅटरीबद्दल काहीतरी मेसेज दाखवेल तो एंटर दाबून पुढे जायचं. लाइट गेली की तो तत्काळ बंद होईल, त्यामुळे दर पाच मिनिटांनी सेव्ह करायला सांगा.

आधी तेवढं टेबलावर ठेवून बघा, बाजूने एक फोटो काढून इथे टाका, मी रात्री नऊनंतर बघतो. तोपर्यंत चार्जर लावू नका.