मिलिटरीचा चार्जर आणि दुरुस्तीवाल्याची धमकी

प्रश्न : मी गिरगावात राहतो, बँकेतून निवृत्त झालोय. जुन्या मिलिटरी रेडिओंचा नाद आहे. घरी दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश वायरलेस सेट नंबर 19 आहे. त्याच्या 12 व्होल्टच्या बॅटऱ्या चार्ज करणारा, त्याच काळातला लोखंडी पेटीतला चार्जर मी चोर बाजारातून 4,000 रुपयांना घेतला. पावती मिळाली नाही, पैसे यूपीआयने दिले. तो बंद होता, म्हणून लॅमिंग्टन रोडजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. 6,000 रुपये ठरले, 2,500 ॲडव्हान्स दिला. चार्जर 110 व्होल्टवर लावलेला आहे, आतली पट्टी 230 वर घेतल्याशिवाय प्लग लावू नका, असा व्हॉट्सॲप त्याच दिवशी केला होता. तीन आठवड्यांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला, "काका, प्लग लावला आणि आत धूर झाला." आता आठ महिने झाले. ट्रान्सफॉर्मर जळलाय, मूळ सेलेनियम रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) काढून त्याने डायोड घातलेत आणि वर 7,000 मागतोय. नाही दिले तर भंगारात विकेन म्हणतो. चिठ्ठीवर छापलंय : "30 दिवसांत माल न नेल्यास आम्ही जबाबदार नाही." काल तर म्हणाला, "मिलिटरीचा माल आहे, पोलिसात सांगू का?" हे सेट मी अधूनमधून शूटिंगसाठी भाड्यानेही देतो. काय करू?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. त्याच्याकडे नंतर येते. आधी धमकीचं बघू, कारण तुमची झोप त्या धमकीनं उडवलीय, चार्जरनं नव्हे.

वायरलेसची साधनं परवान्याशिवाय बाळगायला बंदी करणारा कायदा 1933 चा. त्याची जागा आता 2023 चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं घेतोय. 1933 च्या कायद्यातली 'वायरलेस साधन' या शब्दाची व्याख्या तुमच्या कामाची आहे. एरवी विजेच्या इतर कामांसाठी सर्रास वापरली जाणारी वस्तू त्यात धरत नाहीत. ती खास वायरलेससाठी बनवलेली असेल, किंवा तशा साधनाचा भाग असेल, तरच धरतात. तुमचा चार्जर वेगळ्या पेटीत बसतो आणि फक्त बॅटरी भरतो. त्याच तारा गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीला लावल्या तर तीही भरेल. म्हणून माझ्या मते तो या व्याख्येत बसत नाही. पेटीवर बाणाचा शिक्का असला, खाकी रंग असला, तरी त्यानं फरक पडत नाही. ब्रिटिश सरकारी मालावर तो बाण असायचाच.

पण तुमच्या घरातल्या सेटचं काय? नंबर 19 हा नुसता ऐकायचा रेडिओ नाही, तो ट्रान्समीटरही आहे. त्याचा मुख्य भाग 2 ते 8 मेगाहर्ट्झवर बोलतो. 1933 च्या कायद्यात परवान्याशिवाय ट्रान्समीटर बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. ऐंशी वर्षांचा, वीज नसलेला सेट 'वापरण्याजोगा' आहे का, यावर वकील तासभर भांडू शकतील. पण तुम्हाला ते भांडण विकत घ्यायचं नाहीये. तुमच्याकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर सेटला अँटेना लावू नका, आणि केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाकडे परवान्याची परीक्षा देण्याचं मनावर घ्या. दुरुस्तीवाल्याला हे ठाऊक नसेल, पण तो भडकला तर कुणीतरी सांगेल.

दुसरी भीती चोरीच्या मालाची. महाराष्ट्र पोलीस कायद्यात 124 वं कलम आहे. चोरीचा वाटावा असा माल जवळ सापडला आणि तो कुठून आला याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर शिक्षा होऊ शकते. तुमचा खुलासा तुमच्या फोनमध्येच आहे : यूपीआयची नोंद, तारीख, रक्कम, घेणाऱ्याचं नाव. आजच त्याचा स्क्रीनशॉट काढून छापून ठेवा. सोबत एका कागदावर कुठल्या गल्लीत, कुठल्या वारी, कुणाकडून घेतला ते लिहून खाली सही-तारीख करा. महायुद्धानंतर लष्करी माल डिस्पोजलमध्ये रीतसर विकला गेला, आजही सरकारी भंगाराचे लिलाव होतात. त्यामुळे अशी वस्तू बाजारात दिसली म्हणून ती चोरीचीच, असं कुणी धरून चालत नाही. उलट 'पैसे द्या, नाहीतर पोलिसात सांगतो' हे वाक्य भारतीय न्याय संहितेच्या 308 व्या, म्हणजे खंडणीच्या कलमाच्या कुंपणाशी जाऊन उभं राहतं. त्यावर तक्रार करा असं मी सुचवणार नाही. तापलेल्या माणसाचं वाक्य आहे. फक्त तो परत असं बोलला तर लेखी उत्तर द्या, फोनवर भांडू नका.

आता तुमच्या मालाकडे येऊ. कराराचा कायदा 1872 चा आहे. दुरुस्तीला दिलेली वस्तू त्यात 'निक्षेप' म्हणून ओळखली जाते. वस्तू तुमची, ताबा त्याचा. कलम 151 म्हणतं की शहाणासुरता माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्यानं घ्यायची. 110 व्होल्टच्या वेटोळ्याला 230 व्होल्ट दिल्यावर काय होतं, हे लॅमिंग्टन रोडवर शिकाऊ पोरालाही सांगावं लागत नाही. त्यातून तुम्ही लेखी बजावलं होतं. तुमच्या मेसेजवर दोन निळ्या टिका असतील, तर खटला अर्धा तिथंच उभा राहतो. उरलेला त्याच्या व्हॉइस मेसेजवर. 'प्लग लावला आणि धूर झाला' ही त्याच्या आवाजातली कबुली आहे. हा फोन विकू नका, चॅट साफ करू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा मसुदा वकील करून देईल, पण त्यावर तुमची आणि एका तज्ज्ञाची सही लागते. मूळ फोन तुमच्याकडे असला की सगळं सोपं जातं.

एक प्रश्न तुम्हालाही. कलम 150 नुसार वस्तूतला माहीत असलेला धोका तुम्ही आधी सांगायला हवा. मेसेज चार्जर ताब्यात दिल्यावर, पण प्लग लावायच्या आधी गेला ना? वेळ नीट बघा. त्याचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवेल.

सेलेनियमच्या बाबतीत मी थोडी त्याच्या बाजूनं आहे. त्या चौकोनी पत्र्यांच्या चळती इतक्या वर्षांनी बहुतेक मेलेल्याच असतात. जळल्या तर निघणारा धूर घाण वासाचा आणि विषारी असतो. समंजस मेकॅनिक त्या जागी सिलिकॉनचे डायोड बसवतो. पण दोन गोष्टी तपासायला हव्यात. सेलेनियम स्वतः बरेच व्होल्ट खातं, सिलिकॉन कमी. त्यामुळे नुसती अदलाबदल केली की बाहेर येणारं व्होल्टेज चढतं आणि बॅटरी उकळते. मध्ये रेझिस्टर घातला का, हे त्याला लेखी विचारा. आणि काढलेले मूळ भाग तुमचे आहेत. ते त्यानं न विचारता टाकून दिले असतील तर ती सेवेतली वेगळी त्रुटी. 'डायोड का घातले' यावर भांडलात तर ग्राहक आयोगासमोर तज्ज्ञ त्याच्या बाजूनं बोलेल. भांडण 110-230 च्या पट्टीचं ठेवा.

7,000 मिळेपर्यंत चार्जर अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे का? कलम 170 कारागिराला असा हक्क देतं, पण ज्या कामासाठी वस्तू दिली त्या कामात त्यानं खरोखर कसब वापरलं असेल आणि मोबदला देणं निघत असेल, तरच. कायद्यातलंच उदाहरण हिऱ्याचं आहे. पैलू पाडून झाले की मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्यानं हिरा ठेवून घ्यावा. तुमच्या कारागिरानं हिरा फोडलाय आणि फोडणावळ मागतोय. 6,000 ठरले होते चार्जर चालू करण्याचे, तो चालू झालेला नाही. ठरलेल्या रकमेवर परस्पर चढवलेले पैसे मुळात देणंच नाहीत, आणि आठ महिने दुकानात ठेवल्याच्या भाड्यासाठीही या कलमाखाली माल अडवता येत नाही.

विकायचा हक्क तर त्याला नाहीच. कराराच्या कायद्यात तो तारण घेणाऱ्याला आहे, काही अटींवर सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यालाही आहे, दुरुस्तीवाल्याला नाही. चिठ्ठीवरच्या तीस दिवसांच्या ओळीनं माल त्याच्या मालकीचा होत नाही. तुम्ही तिच्यावर सही केलेली नाही, ती तुम्हाला कुणी वाचून दाखवलेली नाही, आणि माल नेला नाही तो काम झालंच नाही म्हणून. त्यानं खरंच विकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी विश्वासघाताचा विषय उभा राहतो. आज पोलीस ठाण्यात गेलात तर दिवाणी बाब म्हणून फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतील. ती वेळ अजून आलेली नाही.

आता ते वाक्य : 'शूटिंगसाठी भाड्यानेही देतो.' ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी हेतूनं सेवा घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. समोरच्याच्या हाती हे लागलं की तो पहिला आक्षेप हाच घेईल. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात (लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट विरुद्ध युनिक शांती डेव्हलपर्स) यावर नीट लिहिलंय. रुग्णालयाच्या नर्सना राहायला घेतलेल्या फ्लॅटचा वाद होता. बिल्डरचं म्हणणं, हा व्यापारी हेतू. न्यायालय म्हणालं, व्यवहारामागचा मुख्य हेतू काय आणि नफा कमावण्याशी त्याचा थेट संबंध आहे का, ते बघा. तुमचा मुख्य हेतू छंदाचा असेल, वर्षाकाठी दोन-तीनदा कलादिग्दर्शकाच्या ओळखीनं सेट जात असेल आणि चार्जर कधीच भाड्यानं गेला नसेल, तर तुम्ही ग्राहकच आहात. पण दर महिन्याला टेम्पो दारात येत असेल आणि बँक खात्यात भाडं जमा होत असेल, तर मला खरं सांगा. लपवलंत तर उलटतपासणीत बाहेर येईल आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल. तसं असेल तर ग्राहक आयोग सोडून दिवाणी दावा करायचा. विशिष्ट अनुतोष कायद्यात वस्तूच परत मागायची सोय आहे, कारण अशा दुर्मीळ चार्जरचं नुकसान पैशात मोजणंच अवघड.

ग्राहक म्हणून जायचं तर मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आठ महिने गेलेत, घाई नाही, पण निवांतही राहू नका. तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासारख्या लहान रकमेला शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लागतोच असं नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. काही दुकानदार तेवढ्यानंच हलतात. परदेशात असा चार्जर तीनशे पौंडांना जातो वगैरे मात्र तक्रारीत लिहू नका. वेबसाइटवर कुणी मागितलेली किंमत म्हणजे नुकसान नव्हे. 4,000 खरेदी, 2,500 ॲडव्हान्स, ट्रान्सफॉर्मरच्या रिवाइंडिंगचा (वेढे नव्यानं गुंडाळण्याचा) खर्च आणि माफक त्रासाची रक्कम, एवढंच मागा.

त्याआधी एक नोटीस. साध्या मराठीत, तुमच्याच सहीनं, स्पीड पोस्टानं पोच घेऊन पाठवा, आणि तिचा फोटो त्याच व्हॉट्सॲपवर टाका. त्यात चार्जरचं वर्णन हवं : पेटीवरचा नंबर, पाटी, कुठं रंग उडालाय. 110 च्या मेसेजची तारीख आणि वेळ हवी. त्याच्या व्हॉइस मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं हवं. आणि पंधरा दिवसांत चार्जर, जळलेला ट्रान्सफॉर्मर आणि काढलेलं सेलेनियम परत करा, परस्पर विकल्यास फौजदारी तक्रार करीन, असं लिहा. शिव्या नकोत, 'तुमची लायकी' नको. ही नोटीस उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत.

जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आग्रह मुद्दाम धरतेय. त्याच्या हातात तो राहिला तर तांब्याच्या भावानं जाईल. तुमच्या हातात आला तर मूळ लोखंडी कोअर तसाच ठेवून चांगला रिवाइंडर तेवढेच वेढे नव्यानं गुंडाळून देईल, आणि चार्जरचं जुनेपण बऱ्यापैकी शाबूत राहील.

तो तडजोडीला आला तर? 'मीच फुकट रिवाइंड करून देतो, उरलेले 3,500 द्या' असं म्हणेल. माझं मत विचाराल तर नको. त्याच हातात परत कशाला द्यायचा? त्यापेक्षा 2,500 वर पाणी सोडा, त्यानं 7,000 ची मागणी सोडावी, आणि तिन्ही वस्तू घेऊन या. 'यापुढे एकमेकांकडे काही येणं नाही' असा कागद दोघांच्या सह्यांनी करा, पण माल हातात पडल्यावरच. दुकानातच पेटी उघडून आतले फोटो काढा, पट्टीचा फोटो जवळून. घरी आणल्यावर प्लग लावू नका. तो डायोडवाला जोड कुणी जाणत्यानं तपासेपर्यंत तर नाहीच.