रोज स्केच करायची सवय कशी लावावी? घरी छापलेल्या लिनोप्रिंटचं प्रदर्शन भरवता येतं का?

सवयीचं आधी सांगते, ते सोपं आहे. जागा ठरवा, वेळ आपोआप ठरते. मी मुलाला सकाळच्या शिकवणीला सोडून नागपूरच्या धरमपेठेत एका पोह्यांच्या ठेल्यासमोर पाऊण तास थांबायचे. हातात बॉलपेन आणि दोनशेपानी वही. खोडरबर नाही. समोरचा माणूस हलतो, रेघ चुकते. चुकू द्यायची, शेजारी दुसरी काढायची. शंभर दिवसांचं चॅलेंज वगैरे मला पटत नाही. लोक दिवस मोजत बसतात.

अशा दोन वह्या भरल्या. दोन्हींत तोच ठेलेवाला, पळीने पोह्यांवर तर्री ओतणारा. पहिल्या प्रदर्शनासाठी त्याचंच लिनोकट करायला घेतलं. म्हणजे लिनोलियमच्या ब्लॉकवर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं, छापलेला कागद तो लिनोप्रिंट. छापल्यावर डावं-उजवं उलटतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होतं. म्हणून पाटीवरची 'तर्री पोहे' ही अक्षरं मोठ्या शहाणपणाने आरशात बघून उलटी कोरली. बाकीचं चित्र मात्र वहीवरून ट्रेस करून जसंच्या तसं ब्लॉकवर उतरवलं. ब्लॉकवर गडी उजव्या हाताने ओतत होता, रोजच्यासारखाच दिसत होता, त्यामुळे काही खटकलंच नाही. सरावाचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत की हात बसतो तसा डोळाही झोपतो. हल्ली मी कोरण्याआधी ब्लॉक आरशासमोर धरते.

दहा प्रती काढल्या. प्रेस नव्हता, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून. नागपूरचा मे महिना. पाण्यातली शाई रोलरला लागेपर्यंत काचेवर सुकायची आणि कूलर लावला की कागद सादळायचा. शेवटी पहाटे चारला उठून, कूलर बंद करून छापल्या.

प्रदर्शनाला ठेलेवाल्यालाही बोलावलं होतं. धुतलेला शर्ट घालून आला, चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं बरोबर आहे, पण माही पळी तं उजव्या हातात राहते."

हे नेमकं आमच्या भाऊजींनी ऐकलं. भर हॉलमध्ये म्हणाले, "एक चुकलं म्हणजे दहाही चुकले. झेरॉक्सच ना ही? मग पंधराशे कशाचे?"

हा वाद आमच्यात कित्येक वर्षांचा. झेरॉक्स काढायला आधी चित्र तयार असावं लागतं. इथे कागद उचलेपर्यंत चित्रच नसतं! प्रत्येक प्रतीला हाताने शाई, हाताने दाब. दहा ठरवल्या तर खाली पेन्सिलने 1/10 ते 10/10 लिहायचं आणि ब्लॉक रद्द करायचा, म्हणजे पुन्हा छापता येऊ नये म्हणून कापून टाकायचा. नंदलाल बोसांनी दांडीयात्रेवर 1930 मध्ये काठी घेऊन चालणारे गांधीजी केले, तेही लिनोकटच. त्याला म्हणा झेरॉक्स. मी तिथेच पिशवीतून ब्लॉक काढला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाकू ओढला. तर भाऊजी म्हणतात, "चुकला म्हणूनच कापलास ना!" त्यांच्या हॉलमध्ये मशीनने कॅनव्हासवर छापलेले सात घोडे आहेत. त्यांना ते पेंटिंग म्हणतात.

असो. प्रदर्शन भरवता येतं, बारा-पंधरा प्रिंट पुरेत. माझ्या हिशेबात हॉलच्या भाड्यापेक्षा फ्रेमिंगने जास्त पैसे खाल्ले. फ्रेमवाला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापताना क्रमांक आणि सही हमखास झाकतो, समोर उभं राहून कापून घ्या. माउंटशिवाय काच थेट प्रिंटवर टेकू देऊ नका, शाई चिकटते. मे महिन्यात भरवू नका, दुपारी चिटपाखरू येत नाही. आणि किंमत का एवढी, हे नातेवाइकांना समजावत बसू नका. त्यांना आधी तुमचा ब्लॉक, शाईने माखलेला चमचा आणि वाया गेलेले कागद दाखवा. तरीही झेरॉक्स म्हणाले तर चहा पाजून वाटेला लावा.

डाव्या हाताच्या सहा प्रती विकल्या गेल्या, एक ठेल्यावर लागली आहे. चुकलेली एडिशन, म्हणजे एका ब्लॉकच्या त्या सगळ्या प्रती, विकावी का, यावर दोन मतं असतील, मी विकली.

आणि हो, कूलरचं जे सांगितलं ते पाण्यातल्या शाईचं. तेलातली वापरणार असाल तर उलट त्रास, ती लवकर वाळतच नाही. फ्रेमवाल्याकडे न्यायच्या निदान आठवडाभर आधी छापून दोरीवर टांगा.